शिवाजी पार्कच्या फेऱ्या आधी थांबवा

प्रश्न : ताई, मी दादरला राहतो, सरकारी नोकरीतून निवृत्त आहे. माझी मुलगी 29 वर्षांची, फोर्टला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. दीड वर्षापूर्वी तिला डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, पण मुलगी पूर्वीसारखी झालीच नाही. रात्रभर झोपून सकाळी दमलेलीच उठते, आकडेमोड जमत नाही म्हणते, सध्या बिनपगारी रजेवर आहे. ओळखीच्या डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम सांगितला. ते म्हणाले, ‘मनात भीती बसली आहे, रोज थोडं थोडं चालणं वाढवा, बरी होईल. यावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठं संशोधन आलंय.’ म्हणून मी तिला रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला नेतो. आधी अर्धी फेरी, मग एक, आता दीड. चालताना ती बरी असते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरते, केस विंचरायला हात वर जात नाही. ती म्हणते, ते संशोधन चुकीचं होतं, एका पत्रकाराने ते उघडं पाडलं. मी म्हटलं, पत्रकार मोठा की डॉक्टर? तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या आईला तिचं पटतं, थोरला मुलगा म्हणतो सगळे नखरे आहेत. मी कोणाचं ऐकू? आणि तिचं ऐकलं आणि ती कायमची झोपून राहिली तर?
– एक वडील, दादर

दादा, नमस्कार.

कामाचं आधी सांगते. आज संध्याकाळपासून पार्कातल्या फेऱ्या बंद करा. ‘अजून आठवडाभर बघू’ नको आणि ‘निदान अर्धी फेरी’ही नको. मी हे इतकं ठामपणे सांगतेय ते तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यामुळे. चालताना बरी असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरते, असं तुम्ही लिहिलंय. श्रम आज आणि त्याचा फटका उद्या-परवा, हेच या आजाराचं मुख्य लक्षण आहे. डॉक्टरी भाषेत त्याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. 2015 साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तोवरचं हजारो लेखांचं संशोधन चाळून अहवाल दिला, त्यात निदानासाठी हे लक्षण असायलाच हवं असं म्हटलं आहे. सोबत सहा महिन्यांहून जास्त काळ रोजच्या कामात मोठी घट, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि डोकं नीट न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं. तुमच्या पत्रात यातलं बहुतेक सगळं आलेलं आहे.

आळस असलेला माणूस चालायला निघतानाच कुरकुरतो आणि घरी आल्यावर ठणठणीत असतो. तुमच्या मुलीचं नेमकं उलटं आहे. ती तुमच्यासोबत निघते, चालते, हसते, आणि किंमत मोजते ती नंतर, घरात, जिथे पार्कातलं कोणी बघायला नसतं. थोरल्या मुलाला एवढं जरूर सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. पत्रकार मोठा की डॉक्टर?

डॉक्टरांनी सांगितलेलं संशोधन म्हणजे बहुधा ‘पेस ट्रायल’. 2011 साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ब्रिटनमधले 641 रुग्ण, चार गट, खर्च सुमारे 50 लाख पौंड. पैसा सरकारी. एका गटाला फक्त नेहमीची डॉक्टरी देखरेख मिळाली आणि बाकी तीन गटांना त्यावर काहीतरी जास्तीचं. त्यातल्या एका गटाला दरवेळी थोडा वाढवत नेलेला व्यायाम दिला, एका गटाला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती, आणि एका गटाला आपल्या ताकदीच्या हद्दीत राहायला शिकवलं. व्यायाम आणि थेरपीमागचा समज असा होता की मूळ आजार आता उरलेला नाही. श्रमाची भीती बसली आहे आणि न हलल्यामुळे शरीर ढिलं पडलं आहे, तेवढं काढून टाकलं की माणूस बरा. तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी आलेली ‘मनातली भीती’ ती हीच. निष्कर्ष आला की व्यायाम आणि थेरपीने चांगला फरक पडतो. 2013 साली त्याच संशोधकांनी पुढचा लेख लिहिला की या दोन्ही गटांतले 22 टक्के लोक पूर्ण बरे झाले. वर्तमानपत्रांनी ते उचललं, जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं, आणि तिथून ते तुमच्या घरापर्यंत आलं.

यात काहीतरी पाणी मुरतंय हे पहिल्यांदा रुग्णांच्याच लक्षात आलं. अंथरुणात पडल्या पडल्या तक्ते वाचणारी ही माणसं. त्यांनी पत्रं लिहिली, हरकती घेतल्या. ‘चिडलेले रुग्ण’ म्हणून त्यांना बाजूला सारलं गेलं. मग डेव्हिड टलर नावाच्या पत्रकाराने ते हातात घेतलं. हा अमेरिकेतल्या बर्कली इथला, सार्वजनिक आरोग्याचं उच्च शिक्षण घेतलेला. ऑक्टोबर 2015 मध्ये त्याने या संशोधनावर लांबलचक मालिका लिहिली. त्याने नवीन प्रयोग केला नाही. मूळ आराखडा समोर ठेवला, छापलेला लेख शेजारी ठेवला, आणि आधी काय ठरलं होतं नि नंतर काय मोजलं गेलं ते ओळीओळीने ताडून पाहिलं.

त्यातली एकच गोष्ट तुम्हाला तपशिलात सांगते, कारण ती समजायला डॉक्टर असावं लागत नाही. शरीराची कार्यक्षमता मोजायला 0 ते 100 अशी एक प्रश्नावली होती: जिना चढता येतो का, पिशवी उचलता येते का, अंघोळ आपली आपण करता येते का. निरोगी तरुण माणूस तीत सहज 90 च्या वर असतो. संशोधनात घ्यायचं तर रुग्णाचे गुण 65 किंवा त्याहून कमी हवेत, कारण एवढे कमी म्हणजे तो खरंच आजारी. ‘बरा झाला’ म्हणायला आधीच्या आराखड्यात 85 गुण लागणार होते. ते नंतर 60 वर आणले गेले. आता हिशेब करा. 65 गुणांनी आत आलेला रुग्ण वर्षभराने 60 वर घसरला, म्हणजे आणखी खालावला, तरी या कसोटीवर तो ‘बरा झालेला’ धरला जाणार. नापास म्हणून वर्गात घेतलेल्या मुलाला वर्षअखेर आणखी कमी गुण मिळाले तरी पास करण्यासारखंच हे. शरीराची कार्यक्षमता आणि थकवा या दोन मुख्य कसोट्यांपैकी निदान एकीवर तर सुमारे 13 टक्के रुग्ण संशोधनात शिरले त्या दिवशीच या नव्या मर्यादेच्या आत होते. उपचाराची एक बैठकसुद्धा व्हायच्या आधी.

तुमची मुलगी अकाउंट्समध्ये आहे. हा घोळ तिला कळला यात नवल काय?

बाकीचं थोडक्यात. रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत हे माहीत होतं, आणि मुख्य मोजमाप होतं ते त्यांच्याच सांगण्यावर. ज्यांना ‘तुम्हाला बरं वाटतंय असं समजायला शिका’ असं महिनोन्महिने शिकवलं, त्यांना शेवटी विचारायचं, ‘कसं वाटतंय?’ त्यात संशोधन चालू असतानाच सहभागी रुग्णांना एक वार्तापत्र पाठवलं गेलं, उपचारांची तारीफ करणाऱ्या इतर सहभागी रुग्णांच्या बोलांसकट. हालचाल मोजणारं यंत्र सुरुवातीला रुग्णांच्या अंगावर लावलं होतं, शेवटच्या मोजणीतून ते वगळलं. जे प्रत्यक्ष मोजलं त्यात काय दिसलं? व्यायामाच्या गटातले लोक वर्षाअखेर सहा मिनिटांत सरासरी 379 मीटर चालले. निरोगी तरुण माणूस पाचशेच्या पुढे सहज जातो. थेरपीच्या गटाचं चालणं नुसत्या देखरेखीच्या गटापेक्षा वाढलंच नाही. आणि अडीच वर्षांनी त्याच संशोधकांनी पुन्हा विचारपूस केली तेव्हा चारही गटांत फरक उरला नव्हता.

याहून मला जास्त लागतं ते पुढचं प्रकरण. आपल्याकडे 2005 पासून माहितीचा अधिकार आहे, तसाच कायदा ब्रिटनमध्येही आहे. त्याखाली ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने 2014 मध्ये या संशोधनाचे मूळ आकडे मागितले, नावं-गावं काढून टाकलेले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने नकार दिला. माहिती आयुक्तांनी द्या म्हटलं, तर विद्यापीठ अपिलात गेलं आणि वकिलांवर 2 लाख पौंडांहून जास्त खर्च केले. रुग्ण आक्रमक आहेत, संशोधकांना त्यांच्यापासून धोका आहे, असंही सांगितलं गेलं. न्यायाधिकरणाने 2016 मध्ये अपील फेटाळलं आणि त्या भीतीचं वर्णन फारच वाढवून केलेलं असल्याचं नोंदवलं. आकडे बाहेर आले. मूळ आराखड्यात ठरलेल्या कसोट्या लावून ते पुन्हा मोजले तेव्हा ‘बरे झालेले’ किती निघाले? थेरपीत 7 टक्के, व्यायामात 4 टक्के आणि नुसत्या देखरेखीत 3 टक्के. या फरकाला संख्याशास्त्राच्या हिशेबाने अर्थ नाही.

जनतेच्या पैशाने केलेलं संशोधन, आणि त्याचे आकडे बघायला एका आजारी माणसाला न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं, याचा मला आजही संताप येतो. औषधाच्या गोळीच्या बाबतीत असं झालं असतं तर केवढा गदारोळ झाला असता. पण उपचार व्यायामाचा होता. व्यायामाने कोणाचं वाईट होतं का, असं सगळ्यांनाच वाटतं. तुम्हालाही तसंच वाटलं, आणि त्यात तुमचा दोष नाही.

दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी. लॅन्सेटने तो लेख मागे घेतलेला नाही. संशोधक आजही आपल्या निष्कर्षांवर ठाम आहेत. पण ज्यांनी रुग्णांना काय द्यायचं ते ठरवायचं असतं, ते हलले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2017 मध्ये या दोन उपचारांची शिफारस काढून टाकली. डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2007 मध्ये हेच उपचार सुचवले होते. तिने सगळा पुरावा पुन्हा तपासला, त्याचा दर्जा कमी किंवा फारच कमी ठरवला, आणि 29 ऑक्टोबर 2021 रोजी नवीन मार्गदर्शिका काढली. तीत स्पष्ट लिहिलंय की ठरलेल्या वेळापत्रकाने वाढवत नेलेला व्यायाम या रुग्णांना देऊ नये. थेरपी द्यायची तर आजारासोबत जगायला आधार म्हणून द्यावी, आजार बरा करणारी म्हणून नाही.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं ज्ञान 2011 च्या लेखावर थांबलंय आणि तुमची मुलगी 2021 पर्यंत येऊन पोचलीय. पत्रकार डॉक्टरांपेक्षा मोठा नाही. टलर पत्रकार आहे म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही. त्याने जे दाखवलं ते कोणालाही तपासता येतं, आणि पुढे शंभराहून जास्त शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी लॅन्सेटला जाहीर पत्र लिहून स्वतंत्र फेरतपासणी मागितली, म्हणून त्याचं ऐकायचं. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध लावणारा 1998 चा लेखही लॅन्सेटमध्येच आला होता. त्यातली लबाडी खणून काढली ती ब्रायन डीअर या पत्रकाराने, आणि 2010 मध्ये लॅन्सेटला तो लेख मागे घ्यावा लागला.

‘तिचं ऐकलं आणि ती कायमची झोपून राहिली तर?’ दादा, ही भीती मला समजते, आणि ती खोटी नाही. सतत पडून राहण्याने शरीराचं नुकसान होतं. पण फेऱ्या थांबवणं म्हणजे सगळं थांबवणं नाही. हालचाल किती करायची ते वेळापत्रकाने ठरवायचं नाही, दुसऱ्या दिवशीच्या अवस्थेने ठरवायचं. जेवढं केल्यावर उद्या खाली पडायला होत नाही, तेवढं आज करायचं. दमल्यावर विश्रांती घ्यायची नाही, दमायच्या आधी घ्यायची. याला पेसिंग म्हणतात. त्याने आजार बरा होत नाही, पण वरचेवर आपटणं थांबतं, आणि अनेकांना त्यातूनच थोडी स्थिरता येते.

एक वही करा. रोज काय केलं, किती वेळ केलं, रात्री झोप कशी झाली आणि पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले, एवढंच. ‘केलं’ यात फक्त चालणं धरू नका. फोनवर मावशीशी अर्धा तास बोलणं, जिना, मोबाइलवर हिशेब करणं, गणपतीत खिडकीखाली वाजणारा स्पीकर, हे सगळं खर्चात पडतं. आणि अंघोळ. मुंबईतल्या घरांमधली मोरी केवढीशी असते, उभ्याने बादलीतून पाणी घेत, वाकत, वर होत केलेली अंघोळ या रुग्णांना फार महागात पडते. चांगला भक्कम प्लास्टिकचा स्टूल आत ठेवा, बसून अंघोळ करू दे, पाणी फार कढत नको. केस धुवायचे त्या दिवशी दुसरं कोणतंच काम नको, आणि केस धुवायला आईने मदत केली तर उत्तम. ती अंघोळ करून येऊन आडवी झाली तर ‘आत्ताच तर उठलीस’ असं कोणी म्हणायचं नाही, हा घरातला नियम करा.

पुढचं : निदान पुन्हा एकदा नीट करून घ्या. सगळाच थकवा या आजाराचा नसतो, आणि मुंबईत तर टीबीचा विचार आधी करावा लागतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12, डी जीवनसत्त्व, लिव्हर, किडनी हे झालंय का ते फाईलमध्ये बघा. झोपेत श्वास अडकतो का, तेही. उदासीनता असेल तर तिच्यावरही उपचार व्हावेत. मात्र नुसती उदासीनता असेल तर बहुतेकांना चालण्याने हळूहळू बरं वाटतं. तुमच्या मुलीला करावंसं वाटतंय आणि केल्यावर ती कोसळतेय, हा फरक डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

उभं राहिल्यावर छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं ती म्हणते का? विचारा. म्हणत असेल तर डॉक्टरांना एक साधी तपासणी करायला सांगा: आडवं असताना नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, मग दहा मिनिटं उभं करून घेत राहायचा. मोठ्या माणसात रक्तदाब न घसरता नाडी 30 ठोक्यांनी किंवा जास्त वाढून तशीच राहिली तर तो पॉट्स, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार, असू शकतो, आणि त्यावर पाणी, मीठ, पाय आवळून धरणारे घट्ट पायमोजे, औषधं असे बरेच उपाय आहेत. मात्र हे सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच, मनाने मीठ वाढवू नका.

मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपर काढायला तुम्ही किंवा थोरला मुलगा पुढे जा. रांगेतले ते दोन तास तिने उभं राहून काढले तर आत जाईपर्यंत ती संपलेली असेल आणि पुढचा आठवडा हातचा जाईल. नंबर जवळ आला की तिला टॅक्सीने बोलवा, गेटवर व्हीलचेअर मागा. संकोच नको.

सध्याच्या डॉक्टरांशी भांडू नका. नाइसच्या 2021 च्या मार्गदर्शिकेतली व्यायामावरची पानं छापून न्या, सोबत वही न्या, आणि म्हणा, ‘डॉक्टर, दीड फेरीनंतर हिचे तीन दिवस असे जातात, आणि ही नवीन शिफारस आहे, तुम्ही वाचाल का?’ चांगला डॉक्टर वाचतो. ‘इंटरनेटवरचं काही आणू नका’ म्हणून कागद परत करणारा भेटला, तर एमडी मेडिसिन असलेला दुसरा डॉक्टर शोधा.

हा आजार पूर्ण बरा करणारं औषध आज जगात कोणाकडेच नाही. म्हणून ‘दहा ड्रिपमध्ये ताकद परत’, ओझोन, स्टेम सेल असलं काही कोणी सुचवलं तर तिथून उठा. तुमच्या निवृत्तीच्या पैशावर डोळा असणारे पुष्कळ भेटतील.

मुलीशी बोलणं तुम्हालाच सुरू करायला लागेल. तिने वाचलेलं ते सगळं तिच्याकडून समजून घ्या, पण एका बैठकीत नको, दहा-दहा मिनिटांनी. बोलण्यानेही ती दमते. 65 आणि 60 चा हिशेब तिलाच समजावून सांगू दे.

आणि नोकरी. राजीनामा लिहायची घाई करू देऊ नका. रजा वाढवायला डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात नुसतं ‘अशक्तपणा’ लिहून आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-10 मध्ये, विषाणूनंतरच्या या थकव्याच्या आजाराला जी 93.3 हा क्रमांक आहे, तो मज्जासंस्थेच्या आजारांच्या प्रकरणात येतो. डॉक्टरांना निदान पटलं तर तो क्रमांक लिहायला सांगा. एचआरला पत्र देताना घरून काम, कमी तास आणि महिनाअखेरच्या क्लोजिंगमधून सूट, या तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा, म्हणजे एक नाकारली तरी बाकीच्या दोन उरतात. पत्राचा मसुदा तुम्ही करा, सरकारी नोकरीत तुमचा त्यात हात बसलेला असेल. तिला फक्त वाचून सही करायला द्या.